दार कोणतं आणि आलंय कोण? : फायरवॉलच्या नियमांविषयी

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "सर, तुम्ही जन्मभर तर्कशास्त्र शिकवलंत. आता हे फायरवॉल-बियरवॉल कुठून काढलंत?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आधी देतो, कारण आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

निवृत्तीनंतर मित्रांच्या आग्रहाखातर मी आपल्या जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या संचालक मंडळावर गेलो. संस्थेचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. पतसंस्था म्हणजे काय हे नगरकरांना मी काय सांगावं? दूध घालणाऱ्याची रोजची पिग्मी, शिक्षकाला निवृत्तीनंतर मिळालेली रक्कम, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव. एका सभेत विषयपत्रिकेवर 'नेटवर्क सुरक्षा धोरणास मंजुरी' असा विषय आला. सोबत एक पानाचा तक्ता. सतरा ओळी होत्या. त्यातल्या नवव्या ओळीत लिहिलं होतं : आतले सर्व संगणक, बाहेर कुठेही, पोर्ट ४४३, परवानगी. मी विचारलं, "हे ४४३ म्हणजे काय?" उत्तर आलं, "सर, ते वेबसाइटचं असतं." माझं समाधान झालं. मी सही केली.

पुढे काही महिन्यांनी एका शुक्रवारी आमच्या एका कर्मचाऱ्याला फोन आला. "सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतोय, अपडेट राहिलंय, एवढी एक फाइल डाउनलोड करून चालू करा." त्यानं केली. तो प्रोग्राम होता दुसऱ्याचा संगणक लांबून चालवण्याचा. तो आमच्या आतून बाहेर गेला, बाहेरच्या माणसाशी जोडला गेला आणि सोमवारी सकाळी शाखा उघडली तेव्हा एकही फाइल उघडेना. पडद्यावर पैशाची मागणी. आमच्याकडची शेवटची प्रत तीन आठवडे जुनी निघाली. मधल्या तीन आठवड्यांच्या नोंदी पावत्या बघून पुन्हा हातानं भरल्या. त्या दिवसांत एक म्हातारी बाई काउंटरसमोर उभी राहून मला एवढंच विचारत होती, "सर, माझी पावती हाय माझ्याकडं, पण तुमच्याकडं माझं नाव हाय ना?"

तो प्रोग्राम बाहेर गेला कुठून? पोर्ट ४४३ मधून. फायरवॉल चालू होती. तिनं नियम अगदी काटेकोरपणे पाळला होता. नियम मोडला गेला नव्हता, तर नियमच चुकला होता आणि त्या नियमावर माझी सही होती.

"ते वेबसाइटचं असतं" या वाक्यात नेमकी काय चूक आहे? चाळीस वर्षं मी विद्यार्थ्यांना असल्याच वाक्यांतली चूक शोधायला शिकवत होतो आणि स्वतःच्या पुढ्यात आलेली मला दिसली नाही. आजचं व्याख्यान त्या एका वाक्याविषयी आहे.

पोर्ट म्हणजे खिडकीचा नंबर

नेटवर्कवरून माहिती जाते ती लहान लहान पाकिटांत. प्रत्येक पाकिटावर मजकूर लिहिलेला असतो : कुणाकडून, कुणाकडे, कोणत्या पद्धतीनं. त्याखेरीज दोन आकडे असतात, पाठवणाऱ्याचा पोर्ट आणि घेणाऱ्याचा पोर्ट. पत्ता तुम्हाला इमारतीपर्यंत नेतो. इमारतीत कोणत्या खिडकीशी जायचं ते पोर्ट सांगतो. तहसील कचेरीत एका खिडकीवर सातबारा, दुसरीवर उत्पन्नाचा दाखला, तसंच.

पोर्टचा आकडा ० ते ६५५३५ यांपैकी काहीही असू शकतो, कारण पाकिटावर त्यासाठी सोळा बिटांची जागा ठेवलेली आहे. त्यातले ० ते १०२३ हे ओळखीच्या सेवांसाठी राखलेले. मेल सर्व्हरांनी एकमेकांना मेल पाठवायची ती २५ वर, संकेतस्थळाच्या नावाचा पत्ता विचारायचा तो ५३ वर, साधी वेबसाइट ८० वर, सुरक्षित वेबसाइट ४४३ वर.

हे आकडे ठरले कसे? एक गंमत सांगतो. १९९५ साली फिनलंडमध्ये तातू युलोनेन नावाच्या एका संशोधकानं लांबच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्यासाठी एसएसएच हा प्रोग्राम लिहिला. त्याला स्वतःचा पोर्ट हवा होता. २१ आणि २३ हे आकडे त्याच प्रकारच्या दोन जुन्या सेवांना दिलेले होते आणि मधला २२ रिकामा होता. त्यानं आकडे वाटणाऱ्या संस्थेला ईमेल करून २२ मागितला आणि दुसऱ्याच दिवशी तो मिळाला. आज जगभर तो पाळला जातो.

म्हणजे २२ या आकड्यात एसएसएचचा काही गुण नाही. आपल्या नैयायिकांचा शब्द वापरायचा तर हा निव्वळ संकेत आहे. सगळ्यांनी मिळून मानलेली खूण. खूण पाळणारे लोक असतात तोवर ती उपयोगी पडते. पण ती पाळायलाच हवी अशी सक्ती यंत्रात कुठेही नाही. कोणताही प्रोग्राम कोणत्याही पोर्टवरून बोलू शकतो.

पोर्टवर आधारलेलं धोरण

फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या वेशीवर बसवलेला पहारेकरी. त्याच्या हातात यादी असते. येणारं-जाणारं प्रत्येक पाकीट तो यादीशी ताडून बघतो. यादी वरून खाली वाचायची. जी ओळ आधी जुळेल तिचा हुकूम पाळायचा, पुढचं बघायचं नाही. शेवटची ओळ बहुतेक ठिकाणी एकच असते : वर जे सांगितलं नाही ते सगळं बंद.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस ही यंत्रं आली तेव्हा पहारेकरी पाकिटावरच्या पाच गोष्टी बघायचा : दोन पत्ते, दोन पोर्ट आणि पद्धत. पुढे १९९० च्या दशकात त्याला स्मरणशक्ती मिळाली. हे पाकीट आधी सुरू झालेल्या संभाषणाचा भाग आहे की मध्येच घुसलेलं आहे, हे तो लक्षात ठेवू लागला. ही मोठी सुधारणा होती. पण आत काय बोलणं चाललंय ते त्याला तरीही कळत नव्हतं. संभाषण कोणत्या खिडकीवर चाललंय एवढंच कळत होतं.

या पद्धतीला नावं ठेवण्याची आज फॅशन आहे, मी ठेवणार नाही. ती वेगवान आहे, स्वस्त आहे आणि सामान्य माणसाला वाचता येते. बाहेरून आत येणाऱ्यांसाठी ती आजही पहिली गाळणी आहे. प्रत्येक सेवा आपापल्या खिडकीवर बसत होती तोपर्यंत 'खिडकी क्रमांक अमुक उघडी ठेवा' म्हणणं आणि 'अमुक काम होऊ द्या' म्हणणं, यांचा अर्थ एकच होता.

दिल्लीगेटातून आलेला दिल्लीचाच असतो का?

मग काय बदललं? गंमत अशी की हा बदल फायरवॉलनंच घडवला. कंपन्यांनी आणि कचेऱ्यांनी बाकीची दारं बंद केली, फक्त ८० आणि ४४३ उघडी ठेवली, कारण वेबसाइट बघितल्याशिवाय कुणाचंच चालत नाही. नवीन प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी विचार केला : आपला प्रोग्राम सगळीकडे चालायला हवा, तर मग त्याच दारानं जाऊ. चॅट, व्हिडिओ कॉल, फाइल साठवणं, लांबून संगणक चालवणं, सगळी गर्दी एकाच वेशीवर आली. काही प्रोग्राम याहून हुशार निघाले. एक पोर्ट बंद दिसला की दुसरा, दुसरा बंद दिसला की तिसरा, आणि काहीच नाही जमलं तर शेवटी ४४३.

आपल्या नगरात दिल्लीगेट आहे. त्या वेशीतून आत येणारा प्रत्येक माणूस दिल्लीहून आलेला असतो का? एके काळी त्या वाटेनं उत्तरेकडचा प्रवासी येत असेल. आज त्यातून भाजीवाला येतो, कॉलेजची पोरं येतात, मीही येतो. वेशीचं नाव तेच राहिलं, येणारे बदलले. आता एखादा पहारेकरी म्हणू लागला की 'हा दिल्लीगेटातून आलाय, अर्थात दिल्लीचा आहे', तर आपण हसू. "४४३ म्हणजे वेबसाइटचं" हे वाक्य अगदी तसंच आहे. मी मात्र तेव्हा हसलो नाही, सही केली.

आणखी एक प्रकार आहे, एकाच्या पोटात दुसरं दडवून नेण्याचा. नावाचा पत्ता विचारण्याची ५३ क्रमांकाची खिडकी जवळपास सगळीकडे उघडी असते. तर चोरलेली माहिती लहान लहान तुकडे करून त्या 'विचारण्यातच' घालून बाहेर पाठवता येते. याला बोगदा म्हणतात. आपल्या भुईकोट किल्ल्याचा १५९५-९६ चा वेढा आठवा. शाहजादा मुरादच्या फौजेनं दरवाज्याशी डोकं आपटत बसण्याऐवजी तटाखाली सुरुंग खणले. चांदबिबीच्या माणसांनी काही सुरुंग वेळीच शोधून निकामी केले, पण एक उडाला आणि तट कोसळला. खिंडार तिनं रातोरात बुजवून घेतलं. दरवाज्यावर पहारा होताच. धोका आला तो दरवाज्याच्या हिशोबात न बसणाऱ्या वाटेनं.

गाईचं लक्षण

आता थोडं माझ्या विषयाकडे येतो. घाबरू नका, परीक्षा घेणार नाही.

एखाद्या वस्तूचं लक्षण, म्हणजे तिची व्याख्या, कशी चुकते याचे न्यायशास्त्रात तीन प्रकार सांगितले आहेत आणि उदाहरण नेहमीचं, गाईचं. 'शिंगं असलेला प्राणी म्हणजे गाय' असं म्हटलं तर म्हैसही आत येते. जे नको ते आत आलं, ही अतिव्याप्ती. 'तांबूस रंगाची ती गाय' म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते. जे हवं ते बाहेर राहिलं, ही अव्याप्ती. आणि 'अखंड खुराची ती गाय' म्हटलं तर कुठलीच गाय सापडणार नाही, कारण गाईचा खूर दुभंगलेला असतो. हा असंभव.

फायरवॉलचा प्रत्येक नियम हे एक लक्षणच असतं. 'ज्याला आम्ही परवानगी देतो ते काय' याची व्याख्या. 'पोर्ट ४४३' ही व्याख्या अतिव्याप्त आहे. आम्हाला हवी होती गाय, म्हणजे आमच्या कामाच्या चार-पाच वेबसाइट. आम्ही लिहिलं 'शिंगं असलेले सगळे'. लांबून संगणक चालवणारा तो प्रोग्राम शिंगं घालून आला आणि निघून गेला.

अनुमानाच्या भाषेतही हीच चूक दिसते. डोंगरावर धूर दिसला म्हणून आपण आग आहे म्हणतो, कारण जिथे धूर तिथे आग हा संबंध पक्का आहे. पण उलटं, आग दिसली म्हणून धूर असेलच असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. त्याचप्रमाणे 'सुरक्षित वेबसाइट आहे, म्हणून बहुधा ४४३' हे ठीक. 'पोर्ट ४४३ आहे, म्हणून वेबसाइटच' हे चूक. संबंध एका दिशेनं खरा होता, आम्ही तो दुसऱ्या दिशेनं वापरला.

कामावर आधारलेलं धोरण

मग उपाय काय? पहारेकऱ्यानं खिडकीचा नंबर बघून थांबू नये, बोलणं कशाचं चाललंय ते ओळखावं. ही कल्पना ठळकपणे बाजारात आणली ती २००५ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या पालो अल्टो नेटवर्क्स या कंपनीनं. त्यांचं पहिलं यंत्र २००७ मध्ये आलं. पुढे बहुतेक सगळ्या मोठ्या कंपन्यांनी हीच वाट धरली आणि अशा यंत्रांना 'पुढच्या पिढीचे फायरवॉल' हे नाव रूढ झालं. त्यांच्या नियमात पोर्टच्या जागी अॅप्लिकेशनचं नाव लिहितात.

यंत्र ओळखतं कसं? आपण माणूस ओळखतो तसंच, अनेक खुणा एकत्र करून. प्रत्येक प्रोग्रामच्या बोलण्याची एक ठेवण असते. सुरुवात कोणत्या शब्दांनी करतो, उत्तराला काय म्हणतो. अशा ठेवणींचा संग्रह यंत्रात असतो आणि कंपनी तो सतत अद्ययावत करते. सुरक्षित, म्हणजे कुलूपबंद, संभाषणातही पहिल्या नमस्कारात 'मला अमुक संकेतस्थळाशी बोलायचंय' हे नाव बहुधा उघड असतं. ते वाचता येतं. तेही नसेल तर वागणुकीवरून अंदाज : पाकिटं केवढी, किती वेळानं, कुठल्या दिशेला जास्त.

एक बारकावा लक्षात ठेवा. ओळख पटायला थोडं बोलणं ऐकावं लागतं. त्यामुळे पहिली काही पाकिटं आत-बाहेर जाऊ द्यावीच लागतात, मग निर्णय. आणि ओळख मध्येच बदलूही शकते. सुरुवातीला साधी वेबसाइट वाटलेली गोष्ट पुढे फाइल पाठवणारी निघते. म्हणून चांगलं यंत्र एकदा ओळखून झोपत नाही, संभाषण संपेपर्यंत बघत राहतं.

यातून नियमाची भाषा बदलते. आमच्या नवव्या ओळीच्या जागी आता चार ओळी आल्या. लेखा विभाग, बँकिंगचं सॉफ्टवेअर, परवानगी. व्यवस्थापक, सरकारी कर भरण्याचं संकेतस्थळ, परवानगी. सर्व कर्मचारी, ईमेल, परवानगी, पण बाहेरच्या साठवणुकीवर फाइल चढवायला मनाई. लांबून संगणक चालवणारे प्रोग्राम, सर्वांना मनाई, अपवाद एकच, आणि तोही सॉफ्टवेअर कंपनीला वेळ ठरवून दिलेला. आता ही यादी संचालक मंडळापुढे ठेवली तर दूध संघातून निवृत्त झालेला संचालकही विचारू शकतो, "हे फाइल चढवणं कशाला लागतं?" ४४३ वर तो काय विचारणार होता? मी तरी काय विचारलं?

माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. यंत्र जास्त हुशार झालं, हे आहेच. पण नियम आता कामाच्या भाषेत लिहिला जातो, त्यामुळे ज्यांच्यावर जबाबदारी आहे त्यांना तो वाचता येतो. ज्याला नियमाचा अर्थ कळत नाही त्याच्या सहीला काय किंमत?

मग पोर्ट टाकून द्यायचे का?

नाही. 'हे विरुद्ध ते' अशी कुस्ती लावायची गरज नाही. नियम दोन्ही मिळून लिहावा : अमुक अॅप्लिकेशन, आणि तेही त्याच्या ठरलेल्या पोर्टवरच. मेल असेल तर मेलच्या खिडकीवर. मेल भलत्याच खिडकीवर दिसली तर तीच संशयाची गोष्ट. माणूस ओळखीचा, पण रात्री दोन वाजता मागच्या भिंतीवरून येतोय, तर आपण विचारतोच ना?

आणि नव्या पद्धतीचे दोषही सांगायला हवेत, नाहीतर मी विक्रेता ठरेन.

पहिला दोष अव्याप्तीचा. संग्रहात नसलेला प्रोग्राम यंत्राला ओळखता येत नाही. तुमच्या संस्थेसाठी गावातल्याच कुणी लिहून दिलेलं सॉफ्टवेअर त्याच्या लेखी 'अनोळखी'. म्हणजे पांढरी गाय बाहेर. तिची ओळख तुम्हालाच करून द्यावी लागते. शिवाय संग्रह अद्ययावत झाला की काल एका नावानं ओळखली जाणारी गोष्ट आज वेगळ्या नावानं ओळखली जाते आणि सकाळी काम अडतं. कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं.

दुसरा दोष कुलपाचा. आज बहुतेक बोलणं कुलूपबंद असतं आणि पहिल्या नमस्कारातलं नावही झाकण्याची सोय आता आली आहे. आत खरोखर बघायचं तर यंत्राला मध्ये बसून कुलूप उघडावं लागतं, वाचावं लागतं आणि पुन्हा लावावं लागतं. त्याला वेग लागतो, पैसा लागतो. पण त्याहून मोठा प्रश्न नीतीचा आहे. कर्मचारी जेवणाच्या सुट्टीत आपल्या डॉक्टरांचा अहवाल बघतो, तेही आपण वाचायचं का? ओळखीसाठी किती आत डोकवायचं याची मर्यादा आधी लिहून ठेवली पाहिजे, कर्मचाऱ्यांना सांगितली पाहिजे. आम्ही आरोग्य आणि खासगी बँक खाती या दोन प्रकारांचं कुलूप उघडायचं नाही, असा ठराव केला.

तिसरा दोष वापरणाऱ्याचा. पुष्कळ ठिकाणी महागडं यंत्र घेतात आणि त्यावर नियम काय, तर 'यूट्यूब बंद, खेळ बंद, बाकी सगळं चालू'. ही नकोशा गोष्टींची यादी झाली आणि नकोशा गोष्टी रोज नव्या जन्मतात. हव्या असलेल्या कामांची यादी करावी, ती मोजकी असते.

ओळख पटली, तरी?

इथे पुण्याचं उदाहरण सांगितलंच पाहिजे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. ११ ऑगस्टला एटीएम कार्डांच्या नकली प्रतींनी २८ देशांतून काही तासांत पैसे काढले गेले. व्यवहारांची संख्या १४ हजारांच्या वर. १३ ऑगस्टला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण रक्कम सुमारे ९४ कोटी ४२ लाख. एटीएमच्या व्यवहारात बँकेची यंत्रणा विचारते आणि उत्तर येतं, 'खात्यात पैसे आहेत, द्या.' हल्लेखोरांनी मध्ये एक खोटी यंत्रणा उभी केली होती आणि 'द्या' हे उत्तर ती देत होती.

हा हल्ला फायरवॉलच्या अमुक नियमामुळे झाला असं मी म्हणत नाही. मला दाखवायचंय ते वेगळं. तिथे होकार नेहमीच्या होकारासारखाच दिसत होता. फक्त होकार देणारा खोटा होता. म्हणजे 'दार कोणतं' याच्या पुढे 'काम कोणतं' हा प्रश्न आहे आणि त्याच्याही पुढे 'हे बोलतोय कोण आणि त्याला तसं बोलण्याचा अधिकार आहे का' हा प्रश्न आहे. फायरवॉल पहिल्या दोन प्रश्नांपर्यंत चांगली मदत करते, तिसऱ्यात थोडीच. त्यासाठी वेगळी व्यवस्था लागते : यंत्रांची एकमेकांना ओळख, व्यवहारांवर मर्यादा, आणि मध्यरात्री आकडे चढताना दिसले तर उठून फोन उचलणारा माणूस. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येत नाहीत, त्या सहकार खात्याकडे. म्हणून आम्हाला कुणी विचारेल याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

आम्ही बदल कसा केला

शेवटी व्यवहाराचं. उद्या सकाळी जाऊन जुने नियम पुसू नका, शाखा बंद पडेल. आम्ही आधी काहीही न अडवता नुसती नोंद घेतली : ४४३ मधून प्रत्यक्षात काय काय जातंय? यादी बघून आम्हीच चाट पडलो. आम्हाला वाटत होतं पाच कामं, निघाली साठ. त्यातली काही हवी होती, काही चालतील अशी, काही कुणालाच माहीत नव्हती.

मग हव्या कामांचे नवे नियम लिहून ते जुन्या नियमाच्या वर ठेवले. पहारेकरी वरून वाचतो, हे मघाशी सांगितलं. जे वर जुळलं ते सुटलं, उरलेलं खाली जुन्या ओळीत पडलं. ती ओळ रोज बघायची. हळूहळू तिथे पडणाऱ्या गोष्टी कमी होत गेल्या. पण ती ओळ काढायची घाई केली नाही, कारण काही कामं महिन्याच्या अखेरीस होतात, काही तिमाहीला, आणि काही फक्त ३१ मार्चला. एक मार्च पूर्ण जाऊ दिला, मग ती नववी ओळ काढली. ठरावावर सही करताना यावेळी प्रत्येक नियमासमोर तीन रकाने होते : हा कशासाठी, कुणाच्या सांगण्यावरून, आणि कधीपर्यंत. ज्या नियमाला कारण लिहिता येत नाही तो नियम ठेवायचा नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक विद्यार्थी : सर, घरच्या वायफायला हे लागू आहे का?*

थोडं आहे, बाळा. घरचा राउटर बाहेरून आपणहून येणाऱ्याला साधारणपणे अडवतो. आतून बाहेर जाणाऱ्याला मात्र सहसा कुणी अडवत नाही. म्हणजे आमच्या नवव्या ओळीसारखंच. घरात महाग यंत्र कुणी बसवणार नाही. तिथे पहारेकरी तुम्हीच. फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून प्रोग्राम चालू करायचा नाही, एवढा एक नियम आजी-आजोबांना समजावून सांगा.

*एक भगिनी : सर, आपल्याच जिल्ह्यात शनिशिंगणापूरला घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत. तिथे चालतंच की!*

ताई, छान विचारलंत. २०११ साली तिथे युको बँकेनं कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा देशभर बातमी झाली होती. ते गाव चालतं ते श्रद्धेवर आणि ओळखीवर. कुणाच्या घरात कोण शिरलं ते शेजाऱ्याला दिसतं. दार नसलं तरी बघणारे डोळे आहेत. नेटवर्कवर जगातला कुणीही एका क्षणात तुमच्या उंबऱ्याशी येतो, आणि शेजारी कुणी नसतो. म्हणून तिथे दार लागतं आणि नुसत्या दारानं भागत नाही, कोण आलंय ते बघावं लागतं.

*एक गृहस्थ : सर, त्या आजींचं काय झालं?*

त्यांची नोंद सापडली. पावतीवरून पहिल्याच दिवशी भरून घेतली आणि पडद्यावर त्यांना त्यांचं नाव दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवून दाखवलं, त्यांनी विश्वास ठेवला. माझ्या सहीवरही त्यांनी तसाच विश्वास ठेवला होता.